भिंत बंद करणाऱ्या मॅडम

लग्नाच्या मंडपात शिरल्यावर मॅडमचं लक्ष नवरा-नवरीकडं नंतर जायचं. आधी त्या पर्समधून पेन्सिल काढायच्या, स्टेजमागच्या लखलखत्या पडद्याकडं तोंड करायच्या आणि डोळ्यांपुढं पेन्सिल जोरजोरात हलवायच्या. चाकूरच्या एका लग्नात नवरीच्या आत्याला वाटलं, बाई दृष्ट काढतायत. ती बिचारी हात जोडून उभी राहिली. मॅडमनी पेन्सिल खाली घेतली आणि चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रद्दी पडदा हाय हा! पोरीचं डोकं उठलं असंल सकाळपासून." नवरीनं मुंडावळ्यांच्या आडून हळूच मान हलवली. खरंच उठलं होतं. पण आत्याबाईंनी त्या दिवसानंतर मॅडमशी बोलणं टाकलं.

पेन्सिलीचा खुलासा मॅडम कुणालाही करायच्या, समोरच्याला फुरसत असो की नसो. उन्हात पेन्सिल हलवली तर एकच पुसट पट्टा दिसतो. पण दिवा किंवा पडदा आतल्या आत उघडझाप करत असेल, तर पेन्सिली सुट्या सुट्या दिसतात, थांबत आलेल्या पंख्याच्या पात्यांसारख्या. "दोन पेन्सिलींत अंतर जितकं जास्त, तितका दिवा लबाड." दातांच्या डॉक्टरकडं खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं ठेवून त्यांनी वरच्या दिव्यापुढं पेन्सिल हलवली होती, आणि भुलीनं जड झालेल्या जिभेनंच त्या डॉक्टरला झापलं होतं.

हे लिहिताना हसू येतं, पण ते फार टिकत नाही. मॅडमची आठवण आली की मागून राग येतोच. काही त्यांच्यासाठी येतो, काही त्यांच्यावर येतो. आता मी नायगावकडं जनावरांची डॉक्टर आहे, दिवसभर गोठ्यांतून हिंडते, माणसांचा राग मनात ठेवायला तशी सवड नसते. तरी हा राग शिल्लक आहे.

मॅडम लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायच्या. मूळच्या उदगीरकडच्या. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि संतापल्या की दोन्ही एकदम. वर्गात गोंगाट झाला की "साकु!" म्हणून ओरडायच्या. साकु म्हणजे पुरे. त्यांच्या बॅचमधल्या प्रत्येक पोरीला तेवढी कन्नड यायची. कपाळाला भस्माची बारीक रेघ, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि चालणं असं की जिन्यावर समोरून येणारा माणूस आपोआप भिंतीला चिकटायचा.

मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहायचे. आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळ. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला ठेवलं तेव्हा दहा ठिकाणी खोल्या बघितल्या आणि मॅडमचं घर पसंत केलं. "मास्तरीणबाईच्या नजरेखाली राहील," म्हणाले. ती नजर कशी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

घरात मॅडमचे यजमान होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका बोलायचे कमी आणि क्रिकेट बघायचे जास्त. त्यांचा जुना, पेटीएवढा टीव्ही एका दुपारी फट् करून बंद पडला, आणि आम्ही तिघं नवा आणायला बाजारात गेलो. दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर पोपट, फुलं आणि संथ वाहणारं पाणी चालू होतं.

"हे काय लावलंय?" मॅडम म्हणाल्या.

"रंग बघा ना मॅडम, कसे उठून दिसून राहिलेत," दुकानदार म्हणाला.

"बसलेला पोपट कुठल्याही टीव्हीवर चांगलाच दिसतो. क्रिकेट लावा."

त्यानं कुठलीतरी जुनी मॅच लावली. गोलंदाज धावत आला, चेंडू सुटला. "शेपूट," मॅडम म्हणाल्या. शेजारचा टीव्ही लावला. "शेपूट." चेंडूमागं खरंच एक पांढुरकं फरफटणं दिसत होतं. मॅडमनी दाखवेपर्यंत ते मला कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर मात्र दिसायचं थांबलं नाही. दुकानदारानं रिमोटवर काहीतरी दाबलं, तसं चित्र एकदम गुळगुळीत झालं. मॅडम आणखी भडकल्या. "आता फिल्डर पळंना, घसरून राहिलाय! हा टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनानं बनवतो. आणि त्या विचारात पडला की रिमोटचं बटण दाबलेलंही याला उशिरा कळतं. बघा दाबून." दुकानदारानं दाबलं. उशिरा कळत होतं. त्यानं तिसरं काहीतरी केलं, चेंडू स्वच्छ झाला. मॅडमनी पेन्सिल काढली, हलवली, आणि पेन्सिलीच्या सुट्या काड्या झाल्या.

काका हळूच म्हणाले, "आपला जुना पण चमकायचाच की."

काकांशी बोलताना मॅडमचा आवाज जरा उतरायचा. "चमकायचा. पण चित्र क्षणभर दाखवून विझवायचा, म्हणून चेंडू चेंडूसारखा दिसायचा. हे नवे चित्र धरून बसतात. आपला डोळा चेंडूमागं पुढं जातो, चित्र मात्र जागेवरच. म्हणून शेपूट येतं. विझवत ठेवलं तर शेपूट जातं अन् डोकं उठतं."

इथंच थांबलं असतं तर टीव्ही आला असता. पण दुकानदार म्हणाला, "घरी न्या मॅडम, दोन दिवसांत सवय होते."

मॅडमच्या देखत हा शब्द उच्चारायचा नसतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "सवय?" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की फ्रिज बघणारं एक कुटुंब वळून बघायला लागलं. "सवय खड्ड्याचीही होते, म्हणून काय त्याला रस्ता म्हणायचं? माणसाला सवय होते, म्हणूनच तुम्ही लोक काहीबी विकून राहिलेत!" आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. काका पुढं कितीतरी दिवस कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये बसून मॅच बघायचे. दाढी वाढायच्या आत करून घ्यायचे, बसायला कारण हवं म्हणून.

क्लासमध्ये मॅडमचं रोजचं भांडण डिजिटल फळ्याशी होतं. खडूचा फळा काढून संचालकांनी तो मोठा काचेचा फळा बसवला होता. मॅडमचा हात झपझप चालायचा, आणि रेघ मागून यायची, दावं ओढून आणलेल्या शेरडासारखी. समीकरण लिहून त्या पुढं सरकलेल्या असायच्या आणि शेवटचं अक्षर त्यानंतर उमटायचं. त्यांचं मोत्यासारखं अक्षर त्या काचेवर वेडंवाकडं व्हायचं. "माझा हात अन् माझं अक्षर यांच्यात हा कोण तिसरा?" असं म्हणून त्या पेन आपटायच्या.

पण तो पहिला हॉल होता, परीक्षेत वर असणाऱ्यांचा. आम्ही बाकीचे शेजारच्या दुसऱ्या हॉलमध्ये बसायचो, आणि आमच्यापुढं मॅडम नसायच्या, भिंत असायची. सगळी भिंत व्यापणारा एलईडीचा पडदा. पहिल्या हॉलमध्ये कॅमेरा लावलेला, आणि तिथलं शिकवणं इंटरनेटवरून आमच्या भिंतीवर आणि क्लासच्या नांदेडच्या शाखेतही एकदम दिसायचं. एकदम म्हणजे त्यांच्या मते एकदम. प्रत्यक्षात ते जवळजवळ अर्धा मिनिट उशिरा यायचं. मॅडमनी काही विनोद केला की आधी भिंतीपलीकडून पहिल्या हॉलचं हसू ऐकू यायचं. आम्ही वाट बघत बसायचो. मग पडद्यावरच्या मॅडम तो विनोद करायच्या, आणि आम्ही हसायचो. कधी कधी तोवर हसू आटून गेलेलं असायचं.

त्या भिंतीसमोर सगळ्यांचीच डोकी दुखायची. मुली पर्समध्ये गोळ्या ठेवायच्या, मुलं बाम चोळायची. तक्रार केली की वरून उत्तर यायचं, सवय होईल. त्यात भिंतीचा उजवा खालचा कोपरा बिघडलेला होता. ट्यूबलाइट पेटायच्या आधी फडफडते तसा तो कोपरा सतत फडफडत असायचा. माझी जागा पहिल्या रांगेत, बरोबर त्याच्यापुढं.

पहिली फिट मला आठवत नाही. मला आठवतो चपलेचा वास. शुद्धीवर आले तेव्हा मी फरशीवर होते, कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती, कुणी कांदा आणा म्हणून ओरडत होतं, आणि माझे कपडे ओले झाले होते. वर्ग भोवती गोळा होऊन बघत होता. तेवढ्यात गर्दी फाकली. मॅडमनी ती चप्पल हिसकावून अशी भिरकावली की ती पडद्यावरच जाऊन आदळली. मग स्वतःची शाल माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि गर्दीकडं बघून म्हणाल्या, "साकु!" हॉल रिकामा झाला.

संचालक म्हणाले, उपास असेल. मी उपास करत नव्हते. काही दिवसांनी तिथंच, त्याच बाकावर दुसरी फिट आली. मग मात्र त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. संचालक गोड बोलायचे, सगळ्या मुलांना बेटा म्हणायचे. "मुलगी हुशार आहे, पण मनानं नाजूक आहे. ताण झेपत नाही. थोडे दिवस घरी न्या," असं म्हणाले, आणि अण्णांपुढं चहाचा कप सरकवला. अण्णा त्या मऊ खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते. त्यांनी चहाला हात लावला नाही.

घरी मात्र मॅडमनी आम्हाला जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आम्हाला नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. लातूरला डॉक्टर नव्हते असं नाही, पण "इथला प्रत्येक जण संचालकांच्या उद्घाटनाला फीत धरून उभा असतो," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी माझ्या डोक्याला तारा लावल्या आणि डोळ्यांपुढं दिवा ठेवला. तो हळू, मग भरभर, मग आणखी भरभर उघडझाप करायला लागला. एका ठराविक गतीला डॉक्टरांनी पटकन दिवा बंद केला. कागदावर काय उमटलं ते मला कळलं नाही, पण डॉक्टरांचा चेहरा कळला.

"काही जणांच्या मेंदूला ठराविक गतीची उघडझाप सोसत नाही," ते म्हणाले. "हे वेड नाही, बाहेरचं नाही, मनाचा दुबळेपणा नाही. गोळी चुकवायची नाही, झोप नीट घ्यायची, असल्या पडद्यापासून लांब राहायचं. अडकलीसच कुठं, तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकून घ्यायचा."

"ही डॉक्टर होऊ शकते का?" मॅडमनी विचारलं.

"अभ्यास केला तर," ते म्हणाले.

मला त्या दिवशी हसावंसं वाटलं. परत येताना एसटीत अण्णा मॅडमच्या पुढच्या सीटवर बसले होते. ते हात जोडून मागं वळले, आणि मी त्यांना कुणापुढं असं आर्जव करताना कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, हे आपल्या तिघांतच राहू द्या. पोरीचं लगीन व्हायचं हाय. घरात अजून पोरी हायत. ही गोष्ट बाहेर गेली तर आमचं लई अवघड हुईल."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मी त्याला होकार समजले. अण्णाही तसंच समजले.

मॅडम कागद घेऊन संचालकांकडं गेल्या. निदान तो कोपरा दुरुस्त होईपर्यंत भिंत बंद ठेवा, नाहीतर मुलीला पहिल्या हॉलमध्ये बसवा. संचालक म्हणाले, पहिल्या हॉलमधल्या जागा गुणांवर असतात, तो नियम मोडला तर पालक ओरडतील. आणि एका मुलीसाठी एवढी भिंत बंद ठेवता येणार नाही. "तिला मागच्या बाकावर बसवू. होईल सवय."

म्हणून मी मागच्या बाकावर, डाव्या तळहातानं एक डोळा झाकून फिजिक्स शिकायला लागले. वही धरायला हात उरायचा नाही, म्हणून धड काही लिहून घेता यायचं नाही. पोरं मागं वळून डोळे झाकून दाखवायची. मी घरी कुणाला सांगितलं नाही. पण एक दिवस दुपारच्या सुटीआधी, भिंतीवर दुसऱ्या सरांचा तास चालू असताना मॅडम काही कामानं आमच्या हॉलमध्ये आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. त्या दाराशी क्षणभर थांबल्या आणि तशाच परत गेल्या. मी घाबरले. मॅडम ओरडल्या की काळजी नसायची. त्या ओरडल्या नव्हत्या.

सुटीनंतरचा तास त्यांचाच होता. आमच्या भिंतीवर मॅडम आल्या आणि त्यांनी फळ्याकडं पाठ केली, कॅमेऱ्याकडं तोंड. "दुसऱ्या हॉलमधल्यांनो, पेन काढा," त्या म्हणाल्या. "डोळ्यांपुढं धरा. पडद्याकडं बघून हलवा. जोरात." सगळ्या हॉलनं पेनं काढली. शेकडो हात हलायला लागले, आणि हळूहळू सगळीकडून आवाज उठायला लागला. अरे, बघ की. माझ्या पेनाचे तुकडे दिसून राहिले. माझ्या पण. "आता खिडकीकडं बघून हलवा," पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या. खिडकीत ऊन होतं. पेनाचा नुसता एक पट्टा झाला. "तुमचं डोकं कशानं दुखतं ते आता तुम्हाला कळलं. कुणी सवय होईल म्हणलं तर..."

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि मॅडम आत आल्या.

पडद्यावर त्या अजून बोलत होत्या. खाली त्या दारातून चालत येत होत्या. कुणाकडं बघावं कळेना. पडद्यावरच्या मॅडम बोट उगारून संतापत होत्या, आणि खऱ्या मॅडम शांतपणे भिंतीच्या कडेच्या मेन स्विचपाशी गेल्या आणि त्यांनी खटका खाली ओढला. पडद्यावरच्या मॅडम अर्ध्या वाक्यात विझल्या. हॉलमध्ये एकदम नुसतं खिडकीतलं ऊन उरलं. कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवली.

मॅडमनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. मग त्यांनी त्याच हाताचं बोट सरळ माझ्याकडं रोखलं.

"त्या मागच्या पोरीला फिट येते. ह्या भिंतीनं येते. नांदेडच्या डॉक्टरचा कागद हाय माझ्याकडं. लाज तिला वाटायचं कारण न्हाई. लाज ही भिंत बसवणाऱ्यांना वाटायला पाहिजे, अन् तिला डोळा झाकून दाखवणाऱ्यांना."

शेकडो माना मागं वळल्या. माझा तळहात पुन्हा डोळ्यावर गेला. भिंत बंद होती तरी मी तो काढू शकले नाही.

मॅडमना त्याच दिवशी काढून टाकलं. शिस्तभंग, वर्गाचं नुकसान, आणखी काय काय. त्यांच्या बाजूनं एकही शिक्षक बोलला नाही. पहिल्या हॉलचे पालक तर उलट भांडायला आले, आमच्या मुलांचा तास बुडाला म्हणून. आणि मला ज्याची आजही चीड येते ते हे, की त्या आठवड्यात संचालकांनी गुपचूप माणसं बोलावून तो कोपरा बदलून घेतला, आणि मग सगळ्यांना भिंत दाखवून विचारलं, "कुठं फडफडतंय? दाखवा मला." इतकं सोपं होतं ते. पहिल्या फिटनंतर करता आलं असतं.

अण्णा मला गावी घेऊन गेले. बातमी आमच्या आधी पोचली होती. क्लासमध्ये आमच्या भागातली बरीच पोरं होती. माझ्या चुलत बहिणीची ठरत आलेली सोयरीक त्या महिन्यात थांबली. निरोप असा आला की "आम्ही जरा पुढं ढकलून राहिलो." तिची आई, म्हणजे माझी काकू, माझ्याशी बोलेना. आजूबाजूच्या बाया मायला विचारायच्या, "लहानपणापासूनच हाय का वो?" मी दिवसभर गोठ्यात बसून राहायचे. तिथं कुणी काही विचारत नव्हतं.

एका रविवारी मॅडम गावी आल्या. एसटीनं, एकट्या, उन्हातून चालत. अण्णांनी त्यांना बसा म्हटलं नाही. मायनं पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं केला नाही, आणि आमच्या घरात हे मी पहिल्यांदा बघितलं. मॅडम सरळ गोठ्यात आल्या.

"अभ्यास काय करून राहिलीस?" त्यांनी विचारलं.

मी उठले. एवढे दिवस साठलेलं सगळं एकदम तोंडात आलं. "तुम्ही मला विचारलं होतं का? सगळ्यांपुढं माझ्याकडं बोट करायच्या आधी? तुम्हाला भिंत बंद करायची होती ना? झाली होती की बंद! टाळ्या पण झाल्या होत्या! मग मला कशाला मध्ये ओढलं?"

मॅडमच्या कपाळावरची भस्माची रेघ घामानं फिसकटली होती. त्या ओरडतील असं वाटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गव्हाणीकडं.

"न्हाई विचारलं," त्या म्हणाल्या.

"अण्णांनी हात जोडले होते तुमच्यापुढं."

"हाव. जोडले होते."

"मग?"

"मग काय. मला राग आला होता. राग आला की मला समोर माणूस दिसत न्हाई, चूक तेवढी दिसते."

एवढंच. माफी नाही, समजूत नाही. मी म्हणाले, "जावा तुम्ही." त्या गेल्या. आणि पुढच्या रविवारी परत आल्या, पिशवीत पुस्तकं आणि खडूची पेटी घेऊन. गोठ्याच्या दाराला काळा रंग होता, त्याच्यावरच त्यांनी लिहायला सुरुवात केली. मी पाठ करून बसले. त्या माझ्या पाठीला तासभर शिकवून गेल्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी मुद्दाम एक गणित चुकवलं. मला राहवलं नाही. "चूक हाय ते," मी वळून म्हणाले.

"कुठं चूक?" त्या म्हणाल्या आणि खडू पुढं केला.

मग त्या येत राहिल्या. बाहेरच्या उन्हात दाराचा फळा लख्ख दिसायचा, त्यांचं अक्षर पुन्हा मोत्यासारखं झालं होतं. आधी मायनं पाणी दिलं. मग चहा. अण्णा बरेच दिवस शेताकडंच निघून जायचे, पण एकदा त्यांनीच मॅडमना फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलं. परत येऊन म्हणाले, "लई तापट बाई हाय. रस्त्याला शिव्या देत होत्या, पार फाट्यापत्तूर." आणि हसले. चुलत बहिणीचं लग्न पुढं दुसरीकडं झालं, चांगलं झालं. पण काकूनं मला अजून माफ केलेलं नाही, आणि मी मॅडमना. मी त्यांच्याकडं शिकत होते आणि त्यांच्यावर चिडतही होते. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

त्याच गोठ्यात आमची एक गाय अडली होती. जनावरांचे डॉक्टर आले, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी वासरू वळवलं, आणि मी त्यांना गाय धरायला मदत केली. माणसांची डॉक्टर व्हायचं माझं खूळ त्या दुपारी उतरलं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. जनावरं सवय होईल म्हणत न्हाईत." पुढच्या वर्षी मला उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला.

आणि मग मॅडमचा फोन आला. "लातूरला ये," म्हणाल्या. "तुला काहीतरी दाखवायचंय."

क्लासच्या समोरच्या चौकात नवा एलईडी फलक लावला होता, आणि त्याच्यावर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो एकामागून एक येत होते. खाली लिहिलेलं, 'आमचा अभिमान'. आम्ही रस्त्यापलीकडं उभ्या होतो. एक मुलगा आला, एक मुलगी आली, आणि मग मी आले. क्लासमध्ये नाव घातलं तेव्हा दिलेला फोटो, दोन वेण्यांचा. ज्यांनी मला 'मनानं नाजूक' म्हणून घरी धाडलं, त्यांनी मला लाखमोलाच्या उजेडात चौकात टांगलं होतं. माझे कान तापले. मी एक डोळा तळहातानं झाकून बघत राहिले, फलकावरून मी गेले, फिरून आले, पुन्हा गेले.

मॅडम केव्हाच रस्ता ओलांडून क्लासच्या पायऱ्यांशी पोचल्या होत्या. मी मागं धावले. त्यांचा पाय पहिल्या पायरीवर होता, पदर खोचलेला होता, चेहरा लाल. मला वाटलं, झालं, आता सगळं लातूर ऐकणार. पण त्या तिथंच थांबल्या. मागं वळल्या.

"मी येऊ का आत?" त्यांनी मला विचारलं. "का तू एकटी जातीस?"

"एकटी," मी म्हणाले.

त्यांनी पाय पायरीवरून खाली घेतला.

आत संचालक उठूनच उभे राहिले. "अरे बेटा! ये, ये! पेढे कुठं आहेत?" प्रवेशाचे दिवस होते, समोर दोन-तीन पालक मुलांना घेऊन बसले होते. संचालक त्यांना म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी."

"सर, बाहेरचा माझा फोटो काढा."

"अगं, अभिमानाची गोष्ट आहे..."

"मग राहू द्या. पण खाली लिहा. या मुलीला आमच्या हॉलमध्ये दोनदा फिट आली. आम्ही भिंत बंद केली नाही, तिला घरी पाठवलं. हिला फिजिक्स शिकवलं ते आम्ही काढून टाकलेल्या मॅडमनी, गोठ्यात. एवढं लिहा, अन् मग लावा फोटो."

संचालक हसायचा प्रयत्न करत होते. "बेटा, आपण आत बसून बोलू."

"आत कशाला? इथंच बोलू."

काचेच्या दारातून मॅडम दिसत होत्या. पर्स छातीशी धरून त्या उन्हात उभ्या होत्या. आत येत नव्हत्या, पण जातही नव्हत्या. फोटो त्याच संध्याकाळी उतरला असं मला मागाहून कळलं. त्या वेळी मला त्याचं काही उरलं नव्हतं, कारण समोर बसलेल्यांपैकी एका गृहस्थांनी मुलीचा हात धरून मला विचारलं होतं, "काय झालतं बाई? आमाला पण सांगा की. पोरीला इथंच घालायचं म्हणून आलोय."

मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.